डांबरगोळ्यांचा वास

आये,

तुझा पणतू काळा की गोरा ते मागाहून सांगते, आधी हे ऐक. तो वाचला! थोडा पिवळा पडला, तेवढी बरीच पोरं पडतात, पण पिवळेपणा उतरला. आता माझ्या मांडीवर झोपलाय आणि झोपेत लाथा मारतोय मेला.

लेकीचे दिवस भरत आले तशी मी उरणला जाऊन तुझी पत्र्याची पेटी उघडली आणि हिरवं लुगडं काढलं. आपल्याकडे पोराला पहिलं जुन्या लुगड्यातच घेतात, मऊ असतं म्हणून. तू तर लुगडी जीवापाड जपायचीस, घडीघडीत डांबरगोळ्या. खारघरच्या हॉस्पिटलात बाळाला त्यात गुंडाळणार, एवढ्यात मुलांची डॉक्टर आली. माझ्या लेकीहून लहान पोरगी. "आजी, हा वास कसला?" मी तोऱ्यात म्हटलं, "माझ्या आईचं लुगडं आहे." तिने ते माझ्या हातातून घेतलं नि थेट खोलीबाहेर नेऊन ठेवलं. माझं डोकं असं फिरलं! तुझं लुगडं, आणि ही बया ते बाहेर टाकते? पण परत येऊन तिने विचारलं, "या गोळ्या काही बाळांना बाधतात. घरात काविळीने मुलगे गेलेत का?"

मला तो दिवस दिसतो. तू चुलीपुढे बसली आहेस, मांडीवर माझा धाकटा भाऊ, हळद माखल्यासारखा, दूधही ओढत नाही. थोरला असाच गेला होता. काकी दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "हिचे कुशीतच खोट हाय." तू हेच हिरवं लुगडं त्याच्या अंगावर आणखी ओढून घेतेस. तोही गेल्यावर गावातल्या एकाही बारशात तुला पाळण्याला हात लावू दिला नाही. तू मागे भिंतीशी उभी राहून पाळणे म्हणायचीस.

बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तपासलं. तांबड्या पेशींना सांभाळणारं एक द्रव्य त्याच्यात कमी निघालं. डॉक्टर म्हणाली, हे आईकडून येतं, मुलींना सहसा त्रास होत नाही, मुलग्यांना होतो. म्हणजे तुझ्यातून माझ्यात, माझ्यातून लेकीत. मला वाटलं, घ्या, काकीचंच खरं झालं. तर ती म्हणते, "आजी, नुसतं ते असून पुष्कळ जण आयुष्यभर ठणठणीत राहतात. डांबरगोळी, काही औषधं, अशाने त्या पेशी फुटतात. तुमच्या भावांचं आता तपासता येणार नाही, पण तसंच झालं असावं." अर्धं रक्तातून आलं, अर्धं पेटीतून.

आणि मधला भाऊ? तो मामाकडे जन्मला, म्हणून तिथल्या देवाने वाचवला असं सगळे म्हणायचे. मी त्यालाही तपासायला लावलं. कुरकुरत गेला, म्हणे या वयात कसलं टेन्शन देतेस. त्याचा रिपोर्ट अगदी तसाच आला! तेच रक्त, आये, पण आता स्वतः आजोबा झालाय. मामाच्या घरी कपडे दोरीवर असायचे. पेटीच नव्हती तिथे.

बारशाला मी काकीला मुद्दाम गाडी पाठवून आणलं. अजून खणखणीत आहे. पाळण्यात वाकून म्हणाली, "पोर पिवला नाय झाला गो?" सोसायटीचा हॉल भरलेला होता. मी सगळं सांगितलं, चांगलं खड्या आवाजात. दोन्ही भाऊ सांगितले, मधला समोर उभा केला, गोळ्या सांगितल्या. "कुशीतली खोट मारत नव्हती, काकी. माझ्या आईने जे सगळ्यात मऊ होतं त्यात पोरं गुंडाळली." काकी पदराने डोळे पुसत म्हणाली, "कोनाला म्हाईत होता गो." पाळण्याची पहिली दोरी मी तुझ्या नावाने ओढली. नाव घेऊन, मोठ्याने. जिंकलीस तू!

हे तुला कुठे धाडू? झोपलेल्या या लबाडाला वाचून दाखवलं, झालं.

लुगडं बाळाजवळ नको म्हणून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलंय, गोळ्या फेकल्या, पेटी भंगारात दिली. फक्त एक आहे, लेकीला सांगितलेलं नाही. मॉलमध्ये गेले की मी फिनेलच्या रॅककडे वळते, डांबरगोळ्यांचं पाकीट उचलते, नाकाशी धरते आणि परत ठेवते. काय करू, आये, तुझा वास तोच आहे.