पाकिटावरचा शिक्का

दादा,

वहिनीला मारायचास म्हणून कोर्टाने चार वर्षं ठोठावली, तेव्हा तू कॅमेऱ्यांपुढे हात जोडलेस. गाणं संपल्यावर जोडतोस, अगदी तसेच. आता तुरुंगातून आईकडे निरोप: ‘भटक्याला सांग, तिला शोध. पाय धरून माफी मागायचीय.’

सापडली. मी आपला बूट शिवून घ्यायला चांभाराकडे निघालो होतो (ते अजून फाटकेच आहेत, असो), तर त्याच्या शेजारच्या लाँड्रीत वहिनी! मला बघून तिने गरम इस्त्री खाली ठेवली नाही. माझ्यामागे दार लागेपर्यंत हातातच धरली.

“एकटाच आलास?”

“एकटाच.”

मग ठेवली. “जेवलास का रे, भटक्या?”

तुझा निरोप सांगितला. हसली. “माफीला माझा पत्ता कशाला? कोर्टात म्हणाला, मी जिन्यावरून पडले. आधी चारचौघांत खरं बोल म्हणावं.”

पाकीट आणलंय, पण त्यावर इथल्या पोस्टाचा शिक्का बसेल. पुढच्या गावाहून टाकलं, तरी तू माणसं लावून माग काढशील. तेव्हा हे पत्र माझ्याच खिशात राहील. आईला सांगेन, वहिनी काही सापडली नाही.

तुझाच,
भटक्या