चार खुंट्यांमधली जागा

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, सावळदरा,
जि. बुलढाणा.

विषय : नियोजित विहिरीच्या जागेत माझ्या पत्नीस पुरण्याची परवानगी आगाऊ मिळणेबाबत.
संदर्भ : सन १९४६ पासूनचे माझे पाच अर्ज.

महोदय,

माझी पत्नी कलाबाई अद्याप हयात आहे. सरकारी कामास लागणारा वेळ मी जाणतो, म्हणून अर्ज लवकर केला आहे. मी मौजे टाकळगव्हाणचा माजी कोतवाल. आलेल्या-गेलेल्या सर्व सरकारांचे टपाल मीच पायी वाहिले, त्यात माझे अर्जही होते.

१. आमच्या वस्तीस विहीर नाही. गावच्या विहिरीजवळच्या दगडावर घागर ठेवून, गावातली कोणी बाई पाणी ओतेपर्यंत कलाबाई उभी राहते. याला अडतीस वर्षे झाली. आम्ही बौद्ध झालो, कायदाही झाला. एकदा विहिरीवर चढलो, तर त्या आठवड्यात वस्तीतल्या कोणास मजुरीला बोलावणे आले नाही. पुन्हा दगडापाशी आलो.

२. इंग्रजी अमलात साहेबांचा नकार अकरा दिवसांत आला. तो मास्तरांनी वाचून सांगितला. नदीपलीकडे निजामाच्या मोगलाईत माझ्या बहिणीने हेच मागितले, तेव्हा तहसीलदाराने तिला दारातूनच हाकलले. तिचा एकच दिवस गेला. आपल्या लोकांच्या राज्यात मात्र कोणी नाही म्हणत नाही. मध्यप्रदेश सरकारने 'विचाराधीन' असे हिंदीतून कळवले आणि ओव्हरसियरने जागा मोजून खुंटी ठोकली. मुंबई राज्याने दुसरी ठोकली. महाराष्ट्र झाल्यावर तिसरी, तिला हार घातला होता. चौथी आपल्या पंचायत समितीची. प्रत्येकास आधीचे मोजमाप अमान्य होते, जागा मात्र तीच निघाली.

३. सरकारी खुंट्या म्हणून आम्ही तिथे बकरीसुद्धा बांधली नाही. मुलाचे लग्न झाले, त्यास झोपडी घालण्यास जागा नव्हती, तरी ती मोकळी ठेवली. हा मूर्खपणा माझा. कोतवाल म्हणून मीच सर्वांना धाक घातला होता. हल्ली साहेब लोक आमच्याशी आमच्या भाषेत बोलतात, मताच्या वेळी हात जोडतात. एवढा मान कोणत्याच राज्यात मिळाला नव्हता. पाणी मात्र त्याच दगडावर मिळते.

४. गेल्या पंधरवड्यात कलाबाई त्या दगडापाशी पडली, ती अंथरुणावरून उठलेली नाही. तिच्या जागी आता सून सिंधू उभी राहते. विहीर होईपर्यंतच उभे राहावे लागेल, असे मी लग्नाच्या वेळी कलाबाईला सांगितले होते. सुनेला ते सांगवत नाही. कलाबाई म्हणते, "मले त्या खुट्यायमंधीच पुरजा. तेवढं तरी खंदनं होईन."

सबब विहीर होणार नसल्यास वरील परवानगी द्यावी. पाचवी खुंटी ठोकण्यास कोणास पाठवू नये. लांबी-रुंदी आम्ही घरीच मोजली आहे.

आपला नम्र व माजी सेवक,
इंद्रभान पुंजाजी सरकटे
मौजे टाकळगव्हाण, दि. १२ मे १९६४

सोबत :
(१) इंग्रजी अमलातील नकार, मूळ प्रत.
(२) 'विचाराधीन' असल्याची चार पत्रे.
(३) संमतीदाखल कलाबाईचा अंगठा.