हलका हात

२ जून, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना ती लागते, आणि मी आता मोठा होण्याच्या बेतात आहे. सकाळी हात धुता धुता ताई म्हणाली की तिची पाठ आता साथ देत नाही, जुलैत ती क्लिनिक एकाच्या हाती सोपवून घरी बसणार. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण आणि क्लिनिकची मालकीण. तिच्याखेरीज इथे डेंटिस्ट दोनच. मी, आणि शेजारच्या खुर्चीवरची ज्युनियर. ज्युनियर म्हणजे कालची पोरगी. प्रत्येक पेशंटला दहा वेळा विचारते, ओठ जड झाला का, जीभ जड झाली का. असल्या विचारपूस करणाऱ्या मुलीच्या हाती कोणी क्लिनिक देतं का?

संकल्प: वेळेवर येणे. पेशंटशी गोड बोलणे. पोट आत.

५ जून, गुरुवार, दुपार

शोध लागला.

खालच्या जबड्यात इंजेक्शन दिलं की भूल चढायला दहाएक मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं मी वर्षानुवर्षं फुकट घालवली. गप्पा माराव्यात तर पेशंटचा जबडा कामातून गेलेला, म्हणजे दोन्ही बाजूंनी मीच बोलायचं. पेपर वाचावा तर अग्रलेखाच्या मधोमध उठावं लागतं. डुलकी दहा मिनिटांत संपत नाही. अनुभव आहे.

आज फोनवर एका गेमची जाहिरात दिसली. बंदुकीचा. टाकून बघितला. घुसायचं, दिसेल त्याला झाडायचं, मरायचं, परत उठायचं, परत घुसायचं. गोष्ट नाही, पात्रं नाहीत, काल कुठे सोडलं होतं ते आठवायला नको. दहा मिनिटांनी भोंगा वाजतो, मॅच खलास. भुलीचं माप घेऊन शिवल्यासारखा गेम आहे. बाहेर आलो तेव्हा डोकं लख्ख. कितीतरी दिवसांनी इतकं बरं वाटलं.

याचं व्यसन लागणं शक्य नाही. व्यसन संपत नसतं, हे आपणहून संपतं.

९ जून, सोमवार

व्यवस्था लावली. पेशंटला इंजेक्शन, त्याच्याजवळ असिस्टंटबाई, मी एक्स-रेच्या खोलीत. दार बंद, कानात इयरफोन. कोणाला काडीचा पत्ता नाही. बाईंना सांगून ठेवलंय की आत फिल्म्सचा अभ्यास करतो. बाई म्हणाल्या, करा की.

आज एक रिटायर्ड हेडमास्तर होते. खालची दाढ. मॅचमध्ये मी फार वेळा मेलो, पण नवख्यांच्या वर्गात कितीही मेलं तरी चालतं, लगेच उठवतात. भोंगा वाजल्यावर बाहेर येऊन दाढ काढली. हेडमास्तर आरशात बघून विचारतात, काढली कधी? कळलंसुद्धा नाही म्हणाले. मग बोळा चावत चावत एवढंच म्हणाले की आत कोणी भांडत होतं का.

वयाने भास होतात माणसाला.

१३ जून, शुक्रवार

बायकोने विचारलं, अंगठा का सुजलाय. कामाचा ताण म्हटलं. तिने बर्फ दिला. मन भरून आलं.

१८ जून, बुधवार

हेडमास्तरांनी गावभर केलेलं दिसतंय. आज चार जणांनी रिसेप्शनवर विचारलं, ते हलक्या हाताचे डॉक्टर कुठले? शेजारच्या खुर्चीवर ज्युनियर होती. मी मुद्दाम फाइल जरा मोठ्याने बंद केली.

कारण उघड आहे. गेम. नजर तयार झाली, बोटांना चपळाई आली. वीस वर्षांत आली नव्हती ती सफाई दोन आठवड्यांत आली. यावर परिषदेत पेपर वाचायला हवा. आधी ताईला विचारावं. नको, ताईला नको.

ज्युनियर मध्येच एक्स-रेच्या खोलीचं दार वाजवून गेली. सगळं ठीक आहे ना सर, म्हणाली. काळजी करते बिचारी. क्लिनिक माझं झाल्यावर तिला काढणार नाही.

२३ जून, सोमवार

ताईने चक्क पाठीवर थाप मारली. म्हणाली, तुझे पेशंट हल्ली हसत जातात, आईला सांगायला हवं. पुढे म्हणाली की तिची अक्कलदाढ कधीची ठणकतेय. ती तुझ्याकडूनच काढून घेईन, ज्याच्या हाती क्लिनिक द्यायचं त्याच्या हाती आधी दाढ देऊन बघू.

म्हणजे ठरलंच. दाढ ही नुसती औपचारिकता.

बाहेरच्या बोर्डावर माझं नाव कुठल्या अक्षरात असावं? ठसठशीत, पण गर्व दिसू नये असं.

२४ जून, मंगळवार

आणि आज कळस. मॅच संपल्यावर स्क्रीनवर आलं: सातत्याबद्दल अभिनंदन, वरच्या वर्गात जायचं का, हो किंवा नाही. सातत्याबद्दल! म्हणजे गुणवत्ता धरूनच म्हणत असणार. हो दाबलं.

वरच्या वर्गात एकच जीव मिळतो. मेलात की बाहेर. बरोबर आहे. मोठ्यांचे नियम असेच असतात.

२५ जून, बुधवार

वरच्या वर्गातली पहिली मॅच. शिरलो, कुठे आलोय ते बघायला मान वळवली, मेलो. भोंग्याची वाट बघायची भानगडच नाही. किती वेळ वाचला! लगेच पेशंटकडे. ब्युटीपार्लरवाल्या बाई होत्या. दाढेला नुसता चिमटा लावला तर अशी किंकाळी फोडली की बाहेर बसलेले दोघं उठून घरी गेले. शिवाय माझं बोट चावल्या.

दिवसभर दुसऱ्यांच्या भुवया उपटतात, आणि स्वतःला जरा हात लागला तर हे.

२७ जून, शुक्रवार

आजही तेच. एका धिप्पाड ड्रायव्हरने आरोळी ठोकली आणि छातीवरचा कागदी रुमाल तसाच ठेवून खुर्चीतून उतरून चालता झाला. जाताना ज्युनियरच्या खुर्चीवर जाऊन बसला. ती आपली सुरू, ओठ जड झाला का दादा.

भूल भेसळीची असणार. सप्लायरला फोन करून झाडलं. तो म्हणाला, डॉक्टर, त्याच खोक्यातली औषधं तुमच्या ज्युनियर मॅडमच्या खुर्चीवरही जातात, तिथून तक्रार नाही. उद्धट आहे. पुढे त्याच्याकडून घ्यायचं नाही.

असिस्टंटबाईंनी आज काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. म्हटलं, नंतर.

३० जून, सोमवार

नीट विचार केला. चूक सापडली. सराव कमी पडतोय. पूर्वी एका पेशंटमागे दहा मिनिटं खेळ व्हायचा, आता जेमतेम मिनिटभर. हाताला ऊब यायची कशी?

उपाय: एका पेशंटमागे दोन मॅच.

संध्याकाळी: दोन मॅच मिळून दोन मिनिटंही झाली नाहीत. एक शाळामास्तरीण रडली. मलाही कसंतरी झालं. घरी येताना तिचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना.

परवा ताईची दाढ.

१ जुलै, मंगळवार

संकल्प, आणि हा शेवटचा: ताईची दाढ निघेपर्यंत फोनला हात लावायचा नाही.

दुपारी: ताईच्या दाढेसाठीच तर हात तयार हवा. आजच्या दिवस थोडा सराव. संकल्प उद्यापासून.

२ जुलै, बुधवार, सकाळ

आज. नवा एप्रन घातला. बायकोने कॉलर नीट केली आणि म्हणाली, घाई करू नका. मी कधी घाई केलीय?

तोच दिवस, संध्याकाळ

जसं झालं तसं लिहितो.

ताई माझ्या खुर्चीवर बसली. इंजेक्शन सुरेख दिलं, तिनेही मान हलवली. संकल्प लक्षात होता. पण ही काही गंमत नव्हती, ही दाढ म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य. थंड हाताने काढायची? एक मॅच. फक्त ऊब म्हणून. एक्स-रेच्या खोलीत गेलो. स्क्रीन उघडतेय तोवर मागून कोणीतरी गोळी घातली. मी अजून पाऊलही टाकलं नव्हतं! बाहेर आलो, चिमटा घेतला.

ताई ओरडली नाही. चावली. लहानपणी चावायची तस्साच चावा, त्याच बोटाला.

मग अर्ध्या जबड्याने तिने विचारलं की गेला होतास कुठे आणि आलास कशाला इतक्यात. मी म्हटलं, फिल्म्सचा अभ्यास. त्यावर असिस्टंटबाई हसू दाबायला पडद्यामागे गेल्या, आणि तिथूनच सगळं सांगितलं. म्हणाल्या, अहो सर कानात घालून खेळतात, त्यांना वाटतं बाहेर ऐकू जात नाही. मार, सोडू नको, डावीकडे बघ बैला, असं सगळं पेशंट ऐकतात. आम्ही सांगतो, सर फोनवर घरच्यांशी बोलताहेत. पहिले भोंगा वाजेपर्यंत आत असायचे, तोवर पेशंटचा गाल दगड होऊन जायचा. आता गेले की आले. सर आत लवकर मरायला लागले आणि इकडे पेशंट बोंबलायला लागले.

ताई माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

ज्युनियर येऊन तिच्याजवळ स्टुलावर बसली. ओठ जड झाला का, जीभ जड झाली का. बसली होती आपली विचारत. मग दाढ काढली. ताईने विचारलं, काढली कधी?

मी बोटाला बँडेज बांधत होतो.

४ जुलै, शुक्रवार

ताई दोन दिवस आली नाही. गाल सुजलाय. मी फोन केला, उचलला नाही. मेसेज केला: भेसळीची भूल असू शकते. मग पुसून टाकला. पहिल्यांदाच काहीतरी पुसलं.

७ जुलै, सोमवार

निकाल लागला. क्लिनिक ज्युनियरचं. माझी खुर्ची माझीच राहील.

वाईट वाटलं. इथे कोण वाचतंय, खरं लिहायला हरकत नाही. खूपच वाईट वाटलं. तरी ज्युनियरचं, म्हणजे मॅडमचं, अभिनंदन केलं.

ताईसमोर शपथ घेतली की गेम आत्ताच्या आत्ता उडवतो. फोन काढला, बोट नेलं, तर मॅडम धावत आल्या. नको नको सर, म्हणाल्या, खेळा! खालच्या वर्गात होतात तेव्हा तुमचा एक पेशंट ओरडला नव्हता. फक्त वर जाऊ नका. ताई सुजलेला गाल धरून हसायला लागली, दुखेदुखेपर्यंत. म्हणाली, लहानपणीही तुला कच्चं लिंबू म्हणूनच खेळायला घ्यायचो आम्ही, आउट नाही, राज्य नाही, आणि सगळ्यांत मजेत तूच असायचास.

ओळीने दहा मॅच हरल्या की गेम आपोआप खाली पाठवतो. ते जेवणाच्या सुट्टीतच झालं.

९ जुलै, बुधवार

दुपारचा पहिला पेशंट. इंजेक्शन दिलं. एक्स-रेच्या खोलीचं दार बाईंनीच उघडून दिलं आणि म्हणाल्या, आरामात या.

छान मॅच झाली. मेलो, उठलो, मेलो, उठलो. शेवटी भोंगा. स्क्रीनवर आलं: सातत्याबद्दल अभिनंदन, वरच्या वर्गात जायचं का, हो किंवा नाही. यावेळी तयारी जरा बरी आहे असं वाटत होतं. अंगठा हो-च्या वर धरून मी नुसता विचार करत होतो.

खांद्यावरून एक बोट आलं आणि नाही दाबून गेलं. मॅडम मागे उभ्या होत्या. किती वेळ, कुणास ठाऊक. चला सर, म्हणाल्या, पेशंट तयार आहे.

गेलो.