नाकावरचा काळा ठिपका

३ फेब्रुवारी, सोमवार
आज एका गिऱ्हाइकाचं रक्त थांबेना. चौदा वर्षं पार्लर चालवतेय, असं कधी झालं नव्हतं.

वच्छलाकाकू नांदगाव खंडेश्वरच्या. शेतीवाल्या, साठीच्या. पार्लरात पहिल्यांदाच. मुलाचं – अंकुरचं – लग्न पुढच्या महिन्यात. म्हणाल्या, "नाकावरचं हे काळं तेवढं काढून दे वो बाई. फोटोत दिसते."

ब्लॅकहेड्स होतेच. उन्हानं छिद्रंही मोठी झालेली. वाफ दिली, बरेचसे सहज निघाले. उजव्या नाकपुडीवरचा एक मात्र मसुराएवढा, चकचकीत. निघेना. दाबला. पुन्हा दाबला. रक्त आलं, आणि दहा मिनिटं कापूस धरला तरी थांबेना.

त्या शांत. मीच घाबरले. तोंडानं नेहमीचं चालू होतं – नखानं उकरू नका, झोपताना तोंड धुवा, नाकाला तेल चोळू नका, छिद्रं बुजतात, वावरात जाताना रुमाल बांधा. डोळे त्या ठिपक्यावर.

४ फेब्रुवारी
ब्लॅकहेड असा चकाकत नाही. हे मला दाबतानाही कळत होतं.

७ फेब्रुवारी
फोन केला. "खपली पडली न् पुन्हा रगत आलं," काकू म्हणाल्या. जसं काही दुसऱ्याच कोणाचं नाक.

मोबाईलवर तसल्या ठिपक्यांचे फोटो शोधले. दोन पाहिले, तिसरा पाहवला नाही.

सांगावं तर म्हणतील, हिनंच केलं. पार्लरचं नाव जाईल. न सांगावं तर घास उतरत नाही.

८ फेब्रुवारी
नांदगाव खंडेश्वरला जाऊन आले. अंगणातच सांगून टाकलं – हे साधं नाही, डॉक्टरला दाखवा.

अंकुर म्हणाला, "साधनाताई, आईचं नाक चांगलं होतं. तुमीच बिघडवून ठेवलं."

मलाही तेच वाटत होतं.

काकू म्हणाल्या, "लगन होऊ दे, मंग पाहू."

"नाही काकू. परवा अकोल्याला, चामडीच्या डॉक्टरांकडे. मी येते सोबत." एवढं ठामपणे मी कुणाशी बोलले नव्हते. अंकुरनं मग आईची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. "मी बी येतो," म्हणाला.

१० फेब्रुवारी
अकोला. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. "हे दाबलं कोणी?"

"मी."

त्यांनी तिळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवडा लागेल.

परत येताना बसमध्ये अंकुर खिडकीबाहेर पाहत होता. काकूंनी संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मला खाववेना.

१३ फेब्रुवारी
तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. ब्लॅकहेड काढायची ती लोखंडी कडी हातात धरवत नाही.

१७ फेब्रुवारी
कॅन्सर.

डॉक्टर पुढे बोलत होते, मला अर्धंच ऐकू येत होतं. अंकुरनं पुन्हा विचारलं म्हणून कळलं. हा त्वचेचा, सावकाश वाढणारा. सहसा दुसरीकडे पसरत नाही. पूर्ण कापून काढला की बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं.

मी विचारलं, "माझ्या दाबण्यानं झालं का?"

"दाबल्यानं कॅन्सर होत नाही. हा फार आधीपासून आहे. पण यापुढे असं काही दिसलं तर हात लावू नका, पाठवून द्या."

बाहेर आल्यावर अंकुर म्हणाला, "ताई, चहा घ्या." बस, एवढंच.

२० फेब्रुवारी
आज ऑपरेशन. पूर्ण निघालं की नाही, ते तपासून सांगतील. पार्लर उघडलंच नाही.

२७ फेब्रुवारी
पूर्ण निघालं. अंकुरनं रिपोर्ट दोनदा वाचून दाखवला.

तो औषधं आणायला गेला तेव्हा काकूंनी माझा हात धरला. नाकावर पट्टी, आवाज बारीक.

"अंकुरले सांगू नको. दोन सालापासून रगत येते त्यातून. हे साधं नाही, मले समजत होतं. पण डॉक्टरनं रोगाचं नाव घेतलं असतं, त खरं झालं असतं. म्हणून तुह्याकडे आली."