प्रियदर्शनीला नेमकं काय झालंय

१४ जुलै, सोमवार
शाळेनं पुन्हा बोलावलं. प्रियदर्शनी दुसरीत, पण तक्रारी दहावीच्या पोरासारख्या! बाकावर बसत नाही, वर्गात बूट काढते, घंटा झाली की कान दाबून टेबलाखाली शिरते. मुख्याध्यापिका मॅडमनी निदानही करून ठेवलंय— एडीएचडी, म्हणजे लक्षच टिकत नाही. तेही फी न घेता. महिनाभरात डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर दाखला घेऊन जा, म्हणाल्या. आवाज फार गोड होता.

१६ जुलै
अमरावतीहून मेहुण्याचा, धर्मेंद्रचा फोन. त्यानं मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले, तेवढ्यावर तो मेंदूचा तज्ज्ञ. "भाऊजी, हे ऑटिझमच होय. शंभर टक्के."
पोरगी तेव्हा ओसरीत चिंचोके मांडत होती. लहानापासून मोठ्यापर्यंत लांब ओळ, तासभर जागची हलली नाही. मॅडमना दाखवायला हवी होती. पण धर्मेंद्रनं पाहिली असती तर दोनशे टक्के झाले असते.

१७ जुलै
अमरावतीच्या थेरपी केंद्राची वेळ मिळाली. पुढच्या शनिवारची.

२० जुलै, रविवार
विहारात वर्षावासाचं वाचन. तिच्या पांढऱ्या फ्रॉकला मी स्वतः खळ घातली, कडक इस्त्री केली. गणवेशालाही मीच करतो. आम्ही खेड्यातल्या शाळेत ठिगळाच्या चड्डीवर गेलो. माझी लेक कपड्यात कुणापेक्षा कमी दिसायची नाही. त्रिशरण सुरू झालं आणि ती मान ओरबाडू लागली. पंचशील होईपर्यंत फ्रॉक बाजूला, पोरगी शमीजवर. सगळे डोळे मिटून बसले होते आणि सगळ्यांनी पाहिलं.
घरी बायको, ललिता, माझ्यावरच उलटली. "पोरगी कवाची म्हणून राहिली का फ्रॉक चावते. तुमी आयकत काहून नाई?"
मी म्हटलं, कापड चावत नसतं. एवढा विद्वान मी.

२६ जुलै, शनिवार
अकोल्याहून बसनं अमरावती. मूर्तिजापूर येईपर्यंत लेक ललिताच्या पदरात तोंड खुपसून— हॉर्न सहन होत नाही.
थेरपीच्या बाईंनी तिला झोक्यावर बसवलं, वाळूत हात घालायला लावले, आणि प्रश्न आम्हाला विचारले. चुळबुळ सगळीकडेच करते की काही ठिकाणीच? मैत्रिणींबरोबर खोटं-खोटं दुकान मांडते का? दुखलं-खुपलं तर आईला दाखवायला येते का? ललिता भराभर सांगत गेली. मी बापाच्या अधिकारानं गप्प बसलो. खळीचं निघालं तेव्हा बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.
म्हणाल्या, "लक्ष लागत नाही ही एक गोष्ट, आणि कपडा किंवा आवाज लक्ष लागू देत नाही ही दुसरी. काही मुलांमध्ये दोन्ही असतं. म्हणून घाई नको." मऊ कपडे घालून बघा, मग इथल्याच डॉक्टरांकडून सगळं तपासून घेऊ.
मॅडमना आणि धर्मेंद्रला जे बसल्या जागी कळलं, त्याला बाईंना आठवडे लागणार. शिकण्यात कुठंतरी कमी पडल्या असतील.

३१ जुलै
शेजारच्या पोरीचा धुऊन धुऊन विरलेला गणवेश मागून आणला. मोजे उलटे घातले, शिवण बाहेर. वर्गशिक्षिकेचा निरोप— आज मधल्या सुट्टीपर्यंत जागेवर बसली, पाढेही म्हटले. घंटेला मात्र टेबलाखाली.
गणवेश आता तिला चावत नाही. मला चावतो.

९ ऑगस्ट, शनिवार
डॉक्टरांनी दोनदा तपासून अहवाल दिला. एडीएचडी नाही. ऑटिझम नाही. आवाज, स्पर्श, शिवण— आपल्याला जे जाणवतही नाही ते तिला फार मोठं होऊन पोहोचतं. थेरपी चालू ठेवा, शाळेनं थोडं सांभाळून घ्यावं, पोरगी चांगली शिकेल.
ललिता बसस्टँडवर रडली. मी पेढे घेतले. धर्मेंद्र म्हणाला, डॉक्टर नवा दिसते.

११ ऑगस्ट, सोमवार
मॅडमनी अहवाल वाचला. छान झालं म्हणाल्या. मग अडचण सांगितली. बूट काढून बसायचं, घंटेपासून लांबचा वर्ग, गोंगाट वाढला की बाहेर जायची मुभा— अशा सवलतीला प्रमाणपत्र लागतं. ऑटिझम असतं तर ते मिळालं असतं, शाळेनंही लगेच सगळं केलं असतं. "पण तुमच्या मुलीला तर काहीच नाही ना!"
काहीच नाही, तर सगळं सगळ्यांसारखं. विरलेला गणवेश चालणार नाही. यापुढे टेबलाखाली दिसली की दाखला.
पेढे टेबलावर ठेवून आलो. त्यांनी एक खाल्लाही.

१२ ऑगस्ट
पहाटे वंदनेला बसलो. तथागतांपुढे काही मागायचं नसतं. आजवर कधी मागितलं नाही. आज हात जोडले आणि मागितलं— माझ्या लेकीला ऑटिझम निघू दे.