पंच्याहत्तर सेंटिमीटर

१२ एप्रिल २०१६, उदगीर
१. सकाळच्या एसटीने नांदेड सोडलं, दुपारी इथे पोचले.
२. मल्लिकार्जुन सरांच्या दवाखान्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून रुजू झाले.
३. रक्ताचा वेग मोजणारं डॉप्लर मशीन नवं कोरं. उदगीर जिल्हा होणार या भरवशावर सरांनी आधीच आणून ठेवलंय.
४. राहायला वरची खोली. पाणी दिवसाला दोन घागरी.
५. खोली आवडली. मी खूश आहे.
साफसफाई करणाऱ्या उमाबाई म्हणाल्या, "मॅडम, हितं पेशंट लई, पाणीच न्हाई."

१३ एप्रिल
नांदेडला शिकताना सिंधु मॅडमनी लावलेली सवय सोडलेली नाही: पहिल्या पेशंटआधी मशीन स्वतःच्या मानेवर तपासायचं. माझ्या उजव्या धमनीत रक्ताचा वेग सेकंदाला ७५ सेंटिमीटर. डावीकडेही तेवढाच. उत्तम.
अमृतराव आले. डाळमिलमध्ये हमाल, साखरेचा आजार, उजवा पाय गार. मांडीची धमनी एका जागी चिंचोळी. तिथे वेग तिप्पट. नळीचं तोंड दाबलं की धार जोरात उडते, तसंच, असं समजावलं. ते हसले. म्हणाले, गावातले नळ कोरडे अन् धार माझ्यात!

१९ एप्रिल
तपासताना कातडीला लावायचं जेल संपलं होतं. लातूरहून डबा आलेला नाही. तरी बाटली भरलेली. उमाबाईंना विचारलं. दवाखान्यामागच्या आटलेल्या विहिरीच्या तळाशी साय धरली होती, ती गाळून भरली म्हणाल्या. "तेवढंच ओलं राह्यलंय विहिरीत. लई गार हाय."
फेकायला हवं होतं. बाहेर बारा पेशंट बसले होते, अमृतरावही त्यांत. वापरलं. ही माझी चूक, लिहून ठेवते.
आधी माझ्या मानेवर. शेंबडासारखं, तार सुटणारं, उबट वासाचं. नंतर पुसायला कापड घेतलं तर पुसायला काहीच नव्हतं. कातडी कोरडी ठणठणीत.

२२ एप्रिल
उजवीकडे १४०. तीनदा मोजलं. डावीकडे ७५.
अमृतरावांच्या मांडीत आणखी एक चिंचोळी जागा. चरबीचा थर असा दिसत नाही. करडा, कडेला झालर. झालर हलते.
बाटली काल अर्धी होती. आज गळ्यापर्यंत भरलेली. उमाबाईंनी लेकराची शपथ घेतली, हात लावला नाही म्हणून.

२५ एप्रिल
३१०. माझ्याही धमनीत झालर. ठोका पडला की ओठांसारखी मिटते.
सर म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, दोन दिवस झोपा. आणि जिल्हा व्हायच्या दिवसांत गावात बोभाटा नको.
अमृतरावांचा पाय काळा पडला होता. सरांनी आज कापला. मी पाहायला उभी राहिले. कापलेल्या धमनीतून रक्त आलं नाही. तीच साय आली, वीतभर, एकसंध. ट्रेमध्ये पडली आणि सलाइनचे थेंब सांडले होते तिकडे — सरकली.
बाहेर जाऊन ओकले. ओकारीतही तार होती.

२८ एप्रिल
१९०. उतरला. का उतरला ते —
बाटली विहिरीत टाकायला गेले. तळ चाटून पुसल्यासारखा. विहिरीत आता काही नाही. सगळं आमच्यात आहे. दुष्काळात ओलं दुसरं काय उरलंय —

२९ एप्रिल
७५.
सर खूश. बघा, नॉर्मल! उमाबाईंनी तळहातावर साखर ठेवली. "देवच पावला म्हना."
नळी थोडी दाबली की धार वाढते. पार दाबली की मरते. आकडा परत खाली येतो.
घागरभर पाणी प्यायले. मानेत कशानं तरी गिळल्याचं जाणवलं. मी गिळायच्या आधी.

३० एप्रिल
सिंधु मॅडम, या पानांचे फोटो तुम्हाला पाठवतेय. डावा हात उचलवत नाही. उजवी धमनी बंद होत आली आहे. डावीकडे आज ११०.
बारा जणांची नावं मागच्या पानावर. त्यांना आधी बोलवा. माझी मान उघडाल तेव्हा टेबलाजवळ पाणी ठेवू नका, थेंबही नको —
मंगळवार, ३ मेपर्यंत उत्तर द्या. त्यानंतर फोन मी उचलला, तरी आवाज माझा —