फाइलसाठी हसरा फोटो

प्रिय व्हर्लिन,

मी नीट पोचले. खोली उबदार आहे, जेवणही बरं आहे. पाठ दुखतेय, पण ती इथल्या खुर्च्यांमुळे, उगाच काळजी करत बसू नकोस. लाल गाय व्यायली का?

कॅन्सरच्या नव्या औषधाची चाचणी आखणाऱ्या या समितीत माझ्याआधी रुग्णांच्या बाजूने डोना बसायची. ती हिवाळ्यात गेली. सकाळी पडद्यावर तिचा हसरा फोटो लावून सगळे डॉक्टर उभे राहिले. अध्यक्ष प्रेंटिस म्हणाले, "फार गोड बाई. कधी कुरकुर केली नाही."

मेला खोटारडा! डोना दर बैठकीत एकच गोष्ट विचारून भांडायची: कॅन्सर मेंदूत पोचलेल्यांना चाचणीत का घेत नाही? शेवटी तिलाही घेतलं नाही.

मग मी प्रेंटिसना तेच विचारलं.

"मुद्दा महत्त्वाचा आहे, मार्लिस. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी या खुर्चीत कोण असेल, डॉक्टर?"

शेजारच्याने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

जेवणानंतर त्यांच्या ऑफिसातली बाई आली. "तुमचाही एक छान हसरा फोटो द्या ना, फाइलला लागतो."

कशाला लागतो ते मला सकाळीच कळलं होतं.

तेव्हा तू ट्रॅक्टर खड्ड्यात घातलास त्या दिवशीचा माझा फोटो पाठवून दे, तुझ्यावर डोळे वटारलेला. उभं राहायचंच असेल तर त्याच्यासमोर राहू देत.

तुझीच, आणि कुरकुर करणारी,
मार्लिस